इशिगाकी बेटावर क्रूझने उतरताना

जहाज सकाळी आठला धक्क्याला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार, असे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते. त्यावरून बेट पाहायला नऊ तास मिळतील असा हिशेब प्रवासी मांडतात आणि दिवसाचा विचका तिथूनच सुरू होतो. बोटांचे ठसे, उतरण्याचा परवाना आणि हजारो सहप्रवाशांची रांग यांत सकाळचा तास-दीड तास जातो. परतताना जहाज सुटण्याच्या साधारण तासभर आधी सर्वांनी आत असावे लागते आणि त्या वेळेच्याही अर्धा तास आधी धक्क्यावर पोहोचणे शहाणपणाचे असते. हातात उरतात ते सहा तास, तेही सगळे सुरळीत पार पडले तर. म्हणूनच जपानच्या इशिगाकी बेटावर एका दिवसासाठी उतरणाऱ्याने एकच दिशा निवडावी आणि बाकीचे बेट पुढच्या खेपेसाठी ठेवावे, असे माझे मत आहे.

इशिगाकी हे ओकिनावा प्रांतातील याएयामा द्वीपसमूहाचे मुख्य बेट आहे. प्रांताची राजधानी नाहा येथून सुमारे ४१० किलोमीटर दूर आहे आणि तैवान त्याहून जवळ, सुमारे २७० किलोमीटरवर आहे; त्यामुळे तैवानच्या कीलुंग बंदरातून संध्याकाळी निघालेले जहाज एका रात्रीत येथे पोहोचू शकते. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २२२ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे, आणि बहुतेक वस्ती दक्षिण किनाऱ्यावरच्या शहरात एकवटलेली आहे. मध्यभागी ५२६ मीटर उंचीचा ओमोतो डोंगर आहे, जो संपूर्ण ओकिनावा प्रांतात सर्वांत उंच आहे. नकाशावर बेट लहान दिसते, पण उत्तरेकडे त्याचा लांब, निमुळता दांडा पसरलेला आहे आणि त्या टोकावरच्या हिराकुबो दीपगृहापर्यंत जाऊन परत येण्यातच अर्धा दिवस संपतो. क्रूझच्या प्रवाशाने त्या दीपगृहाचा मोह धरू नये.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे आणि हंगाम

भारतीय पासपोर्टधारकाला जपानसाठी एरवी व्हिसा लागतो. मात्र जपानने २०१५ सालापासून, सरकारने मान्यता दिलेल्या क्रूझ जहाजांतून येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी एक वेगळा उतरण्याचा परवाना सुरू केला असून त्यासाठी व्हिसाची आवश्यकता नसते. अट एवढीच, की प्रवाशाने त्याच जहाजाने परत निघाले पाहिजे. आपले जहाज या सवलतीत बसते की नाही, आणि बसत असले तरी कंपनी स्वतःच्या नियमाने व्हिसा मागते की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे आरक्षणाचे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावीत. त्याहून जास्त दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे चढण्याच्या बंदराचा व्हिसा. जहाज इशिगाकीला जाऊन पुन्हा त्याच देशात परतते, म्हणजे प्रवाशाचा त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश होतो, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेला माणूस तिथे अडकतो.

हंगामाचा विचार करताना हवामान उपोष्ण आहे, म्हणजे बारा महिने उन्हाळा, असे समजू नये. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारापर्यंत पावसाळी दिवस असतात, जुलै ते ऑक्टोबर हा टायफूनचा मुख्य काळ असतो आणि हिवाळ्यात थंडी बेताची असली तरी ईशान्येचा वारा व ढगाळ आकाश यांमुळे समुद्राचा प्रसिद्ध रंग फिका पडतो. मार्च-एप्रिल आणि नोव्हेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात. वादळ जवळ आल्यास कप्तान हे बंदर वगळून पुढे जाऊ शकतो, म्हणून बेटावरच्या ज्या सहलीचे पैसे परत मिळणार नाहीत तिचे आरक्षण स्वतंत्रपणे करू नये.

जहाजावरच्या न्याहारीतील केळे किंवा सफरचंद खिशात टाकून उतरण्याची सवय अनेकांना असते. ती येथे सोडावी. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ यांबाबत जपानचे नियम कडक आहेत, सँडविचमधला हॅमचा तुकडादेखील त्यांत येतो, आणि धक्क्यावर वास घेणारे कुत्रे असू शकतात. घरून आणलेला कोरडा, शाकाहारी, बंद पाकिटातला खाऊ बरोबर असलेला बरा.

घड्याळ कोणाचे?

जपानची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास आणि तैवान व हाँगकाँग यांच्यापेक्षा एक तास पुढे आहे. काही जहाजे इशिगाकीसाठी घड्याळे पुढे करतात, काही चढण्याच्या बंदराचीच वेळ कायम ठेवतात, आणि प्रवाशाचा मोबाइल मात्र बेटाचे नेटवर्क मिळताच आपणहून जपानी वेळ दाखवू लागतो. यातला धोका एकाच बाजूने आहे. जहाजाने वेळ पुढे केलेली असताना मनगटावरचे घड्याळ तैवानच्या वेळेवर राहिले, तर माणूस निवांतपणे एक तास उशिरा धक्क्यावर येतो आणि जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. उतरताना दारापाशी लावलेल्या फलकाचा फोटो काढावा, त्यावरची परतीची वेळ जहाजाच्या घड्याळातली आहे की बेटाच्या, हे कर्मचाऱ्याला विचारून खात्री करावी आणि दिवसभर एकच घड्याळ पाहावे. जहाजावर असताना मोबाइल विमानातल्या मोडवर ठेवावा, कारण समुद्रातले उपग्रहाचे नेटवर्क तो गुपचूप पकडतो आणि त्याचे बिल डोळे पांढरे करते.

धक्क्यावरून शहराकडे

मोठी जहाजे शहरासमोर भराव घालून तयार केलेल्या पाइनुहामा या कृत्रिम बेटावरच्या नव्या धक्क्याला लागतात आणि तेथून सदर्न गेट ब्रिज ओलांडला की शहर सुरू होते. पायी जायला अर्धा तास किंवा थोडे अधिक लागते. अंतर फार नाही, परंतु पुलावर सावली अजिबात नाही, त्यामुळे जूननंतर जहाजाच्या किंवा शहराच्या बसने जाणेच इष्ट. टॅक्सीच्या मागच्या डाव्या दाराला हात लावू नये. ते चालक आतून उघडतो व बंद करतो. एका दिवशी दोन-तीन हजार माणसे एकदम उतरली की लहान बेटावरच्या टॅक्स्या तासाभरात संपतात, ही गोष्ट बेत ठरवताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

शहरात शिरताच भेटणारा ७३० चौक मुद्दाम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते आणि वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालत. १५ मे १९७२ रोजी प्रांत जपानकडे परत आला, तरी वाहतूक आणखी सहा वर्षे तशीच राहिली आणि ३० जुलै १९७८ रोजी ती एका दिवसात डावीकडे वळवण्यात आली. सातव्या महिन्याची तिसावी तारीख म्हणून ७३०. त्याची आठवण सांगणारा दगड या चौकात उभा आहे. आपल्यासारख्या डावीकडून गाडी चालवणाऱ्यांना त्यामुळे येथे भाड्याची मोटार सहज चालवता येते. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो, मात्र तो मूळ परवाना व पासपोर्ट यांच्यासह बरोबर हवा, आणि पासपोर्ट जहाजाने जमा करून घेतलेला असेल तर हा बेत बारगळतो. ओकिनावातील रस्त्यांच्या डांबरी थरात प्रवाळी चुनखडीची खडी वापरलेली असते, ती पावसात कमालीची निसरडी होते, हेही लक्षात असू द्यावे.

ताकेतोमी की काबिरा

माझ्या मते पहिल्यांदा येणाऱ्याने हवा चांगली असेल तर ताकेतोमी या शेजारच्या लहान बेटावर जावे, आणि त्याचे कारण सौंदर्यापेक्षा व्यवहाराचे आहे: तिथे जाण्यासाठी टॅक्सीची गरज पडत नाही. ७३० चौकाजवळच बेटांकडे जाणाऱ्या बोटींचे टर्मिनल आहे. बाहेर एका मुष्टियोद्ध्याचा पुतळा दिसतो. तो इशिगाकीवरच जन्मलेल्या, १९७६ साली जगज्जेता झालेल्या योको गुशिकेन यांचा. येथून ताकेतोमीची बोट दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते आणि दिवसभर ठरावीक अंतराने फेऱ्या असतात. बेटाच्या निसर्गरक्षणासाठी २०१९ पासून ३०० येनचे ऐच्छिक प्रवेशतिकीट ठेवलेले आहे. ते सक्तीचे नाही म्हणून चुकवू नये.

ताकेतोमी हे साडेपाच चौरस किलोमीटरहूनही लहान, जवळजवळ सपाट बेट आहे आणि त्यावर साधारण साडेतीनशे माणसे राहतात. लाल कौलांची बैठी घरे, प्रवाळाचे दगड चुन्याशिवाय रचून केलेले कंबरभर उंचीचे गडगे आणि पांढऱ्या प्रवाळी वाळूच्या वाटा असलेली ही वस्ती १९८७ साली राष्ट्रीय पातळीवर संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाली. त्याआधीच्या वर्षी गावकऱ्यांनी स्वतःची सनद केली होती: जमीन विकू नये, घाण करू नये, घडी विस्कटू नये, मोडतोड करू नये, आणि जे आहे ते जिवंत ठेवावे. सकाळी लवकर पोहोचलात तर घरासमोरची वाट झाडणारी वृद्ध मंडळी दिसतात आणि त्या वाळूवर खराट्याच्या रेषा अजून तशाच असतात. आपल्या पावलांनी त्या पुसल्या जात आहेत याचा थोडा संकोचच वाटतो.

येथे म्हशीच्या गाडीतून गावाची फेरी मारता येते. या म्हशी १९३० च्या दशकात तैवानमधून इशिगाकीला आलेल्या शेतकऱ्यांबरोबर याएयामात आल्या. अननसाची लागवडही त्याच लोकांनी वाढवली. गाडी अरुंद वळणावर येते तेव्हा गाडीवान हातातले सान्शिन, म्हणजे सापाच्या कातड्याने मढवलेले तीन तारांचे वाद्य, बाजूला ठेवत नाही. म्हैसच आपणहून वळण बाहेरून घेते, मागची चाके गडग्याला घासणार नाहीत एवढी जागा ठेवते आणि मग सरळ होते. फेरी साधारण अर्ध्या तासाची असते. भाड्याची सायकल हा दुसरा मार्ग आहे, पण वाळूत चाक रुतते, तेव्हा घाईने पेडल मारू नये.

पोहायचे असेल तर कोंदोई किनाऱ्यावर जावे. ओहोटीच्या वेळी तिथे कितीही चालले तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही, म्हणून भरतीची वेळ आदल्या रात्री पाहून ठेवावी. शेजारचा काइजी किनारा ताऱ्याच्या आकाराच्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे, परंतु तिथे प्रवाह जोरदार असल्याने पोहण्यास मनाई आहे. ती वाळू म्हणजे सूक्ष्म समुद्री जीवांची कवचे होत. तळहात ओल्या वाळूवर दाबून उचलला की चिकटलेल्या कणांत दोन-चार टोकेरी तारे सापडतात. पाहून झाले की हात तिथेच झटकावा, कारण किनाऱ्यावरून ती घेऊन जाऊ नये असा संकेत आहे. बाटलीत भरलेली वाळू दुकानात मिळते. पोहण्याचे कपडे घालून गावातून फिरणे मात्र लोकांना आवडत नाही, वर काहीतरी घालावे.

परतीसाठी शेवटची बोट कधीही धरू नये. जी बोट चुकली तरी पुढच्या दोन बोटी हाताशी राहतील, तिनेच निघावे.

ज्यांनी मोटार किंवा टॅक्सी आधीच ठरवलेली आहे त्यांनी काबिरा उपसागर निवडावा. तो शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर वायव्येला आहे व अर्धा-पाऊण तास लागतो. बसही जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात. हिरव्या टोपीसारखी छोटी बेटे, पांढरी वाळू आणि दर काही मिनिटांनी रंग बदलणारे पाणी यांसाठी हे ठिकाण प्रसिद्ध असून १९९७ साली त्याला देशपातळीवर निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला. तो रंग दिसण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: ऊन डोक्यावर हवे आणि पाणी भरतीकडे असावे. पूर्ण ओहोटीला तिथे वाळूचे पट्टे आणि टेकलेल्या होड्या दिसतात, आणि छायाचित्रे पाहून आलेल्या माणसाचा हिरमोड होतो. उपसागरात पोहता येत नाही, कारण प्रवाह धोकादायक आहे आणि तिथे काळ्या मोत्यांची शेतीही चालते. प्रवाळ आणि मासे पाहायचे असतील तर काचेच्या तळाच्या बोटीतून साधारण अर्ध्या तासाची फेरी मिळते. परतीच्या वाटेवर थोडी वाट वाकडी करून योनेहारा येथील ताडांचे बन पाहता येते. ही ताडाची जात नैसर्गिकरीत्या जगात फक्त याएयामा बेटांवरच आढळते.

पाऊस असेल, बरोबर वृद्ध मंडळी असतील किंवा उतरायलाच अकरा वाजले असतील, तर शहरातच राहावे आणि त्याची खंत करू नये. १८१९ साली बांधलेला मियारा दोन्चि हा वाडा, छत असलेली बाजारपेठ, मिन्सा विणकामाची दुकाने एवढे पुरे होते. मिन्सा पट्ट्यावर पाच आणि चार चौकोनांची नक्षी असते. जपानी उच्चारांच्या खेळातून पाच-चारचा अर्थ ‘सदासर्वकाळ’ असा लागतो, आणि पूर्वी मुलगी हा पट्टा विणून आपल्या प्रियकराला देत असे. इशिगाकी स्टॅलॅक्टाइट गुहाही शहरापासून जवळ आहे व पावसात उपयोगी पडते.

जेवण

याएयामा सोबा हा येथील रोजचा पदार्थ आहे: गोल, पिवळसर गव्हाच्या शेवया, हाडांचे व वाळवलेल्या माशाचे पातळ सार, वर डुकराच्या मांसाच्या आणि मासळीच्या वडीच्या काडीसारख्या पट्ट्या. टेबलावर एक लहान कुपी असते, तिच्यातली तपकिरी पूड चिमूटभर टाकायची. वास घेतला की मराठी माणूस थबकतो, कारण ती आपल्या पिंपळीचीच सख्खी बहीण आहे. येथे तिला पिपाची म्हणतात आणि तिच्या वेली बेटावरच्या गडग्यांवर चढलेल्या दिसतात.

शाकाहारी प्रवाशाने मात्र गैरसमजात राहू नये. भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही बहुधा माशाचे सार किंवा डुकराची चरबी असते, आणि ‘मांस नको’ असे सांगितले तर सार वगळले जात नाही, कारण सारात मांस आहे असे स्वयंपाक्याला वाटतच नाही. माझ्या एका सहप्रवाशाने टोफू-कारल्याचा चम्पुरू, म्हणजे परतलेली भाजी, मागवला आणि त्यावर सुक्या माशाचे पापुद्रे वाफेने डुलत आले. मासा, मांस, सार यांपैकी काहीही नको, हे वाक्य जपानीत लिहून मोबाइलमध्ये ठेवावे. तरीही खात्री नसेल तर स्थानिक अननस, जांभळ्या रताळ्याची मिठाई, दुकानातला उमेबोशीचा, म्हणजे बोराएवढ्या आंबट खारवलेल्या फळाचा, भात-गोळा आणि घरचा खाऊ यांवर दुपार निभावते. लहान दुकाने रोख येन मागतात. टीप देण्याची पद्धत नाही.

समुद्र आणि गावाचे नियम

जून ते ऑक्टोबर या काळात हाबु कुरागे नावाचे विषारी, जवळजवळ पारदर्शक जेलीफिश किनाऱ्याजवळ येतात. म्हणून जाळी लावलेल्या किनाऱ्यावरच पोहावे आणि अंग झाकणारा पोशाख घालावा. डंख झाल्यास चोळू नये. पाण्याबाहेर येऊन भरपूर व्हिनेगर ओतावे आणि मदत मागावी. प्रवाळावर उभे राहू नये, त्याचा तुकडाही उचलू नये. इशिगाकी आणि शेजारचे इरिओमोते बेट यांमधला सेकिसेई लगून हा जपानमधला सर्वांत मोठा प्रवाळी प्रदेश आहे आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने त्याचे फार नुकसान केले आहे.

झाडांच्या दाट पुंजक्यात एखादी कमान आणि आत जाणारी वाट दिसली तर बाहेरच थांबावे. ते येथील पवित्र स्थान असते, आपल्या देवराईसारखे, आणि गावातल्या सर्वांनाही आत मुक्तपणे जाता येत नाही.

एक गोष्ट दुर्लक्षू नये. २४ एप्रिल १७७१ रोजी आलेल्या त्सुनामीत याएयामा आणि मियाको बेटांवर मिळून सुमारे बारा हजार माणसे दगावली. आज रस्त्यांवर जागोजागी समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारे फलक आहेत. जोराचा भूकंप जाणवल्यास जहाजाकडे न धावता उंचावर जावे, जहाज बंदर सोडून खोल पाण्याकडे निघालेले असेल. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत.

परत जहाजाकडे

धक्क्यावर परतताना उतरण्याचा परवाना आणि जहाजाचे ओळखपत्र हातात ठेवावे, पिशवीच्या तळाशी नको. ताजी रताळी किंवा फळे विकत घेऊन पुढच्या बंदरावर उतरण्याचा विचार असेल तर तो सोडावा. रताळ्यातील भुंगेऱ्याच्या भीतीने ओकिनावातली कच्ची रताळी जपानच्या मुख्य भूमीवरही नेऊ देत नाहीत, आणि इतर देशांचे नियमही सैल नसतात. त्याच रताळ्याच्या, पेटीत बंद केलेल्या गोड वड्या मात्र खुशाल घ्याव्यात. दुकानातून निघताना ‘निफाईयू’ म्हणावे. याएयामा बोलीत त्याचा अर्थ धन्यवाद असा होतो आणि जपानी ‘अरिगातो’पेक्षा त्याला अधिक मोकळे हसू परत मिळते. आवामोरी या स्थानिक मद्याची बाटली घेतली असेल तर ती बहुतेक जहाजांवर खोलीत नेता येत नाही. शिडीपाशी ती काढून घेतात, पावती देतात आणि सफरीच्या शेवटच्या रात्री परत करतात. तेवढी पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवावी.